गुलाबी चादरी

दि. ६ जानेवारी

चि. भाचीबाईस मामाचे अ. उ. आ.

माझी चार पाखरं सोमवारी तुझ्या धुलाई कारखान्यात येत आहेत. मागच्या खेपेची आपली पोरं आठवड्यात पळून आली, म्हणून तुझे मालक आता शेवटचीच संधी देत आहेत, हे विसरलेलो नाही. इथे शिकलेली तरणी मुलं दिवसभर बसथांब्यावर बसलेली असतात, आणि बस तर कुणालाच धरायची नसते. तुझं एवढं एक दार उघडं आहे. तेही लागलं तर पुढच्यांना कुठे धाडू?

तयारी मी जातीने करून घेतली आहे. शाळेच्या जुन्या खोलीत रोज संध्याकाळी वर्ग भरवला. आवाज मोकळा व्हावा म्हणून कविता म्हणून घेतल्या. हसशील, हस. शिस्तही लावली: मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, काही सांगायचं असेल तर बोट वर करून थांबायचं. टेलरची धाकटी यात सगळ्यांच्या पुढे. बारावी होऊन घरी बसली आहे, आणि तयार कपड्यांपायी बापाचं मशीनही आता बंद पडल्यात जमा. तिच्याकडे जरा जास्त लक्ष दे.

तुझी आई माझ्यावर रागवायची आणि लगेच विसरायची. तीच माया तूही ठेव.

तुझा
मामा

दि. १९ जानेवारी

ती. मामांस भाचीचा शि. सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. चादरीची घडी दोघांनी घालायची असते. तुमची मुलं ती नदीच्या कवितेवर घालतात, एका ओळीला एक घडी. इस्त्रीवरच्या बायका आधी फिदीफिदी हसल्या, आता त्यांनाही कविता पाठ झाली आहे.

आता कडू. काल इस्पितळाच्या पांढऱ्या चादरी यंत्रात जात होत्या. ढिगात कुठल्याशा हॉटेलचा लाल टेबलक्लॉथ आला होता. टेलरच्या धाकटीने तो पाहिला, आणि मामा, तिने बोट वर केलं. यंत्रांच्या त्या गडगडाटात, मुकादमाच्या पाठीमागे, बोट वर करून उभी. मुकादम वळेना, ही बोट खाली घेईना. तो वळला तेव्हा काचेआड गुलाबी फेस फिरत होता. आधी का नाही बोललीस म्हणून तो ओरडला, तर म्हणाली, तुम्ही विचारलंच नाहीत.

मला हसावं की रडावं कळेना. मालक मात्र हसले नाहीत. असले मातीचे पुतळे आपल्याला नकोत, शनिवारी चौघांना परत पाठवा आणि मामांना सांगा, यापुढे कुणी नको, असं म्हणाले. मी पुष्कळ रदबदली केली, ऐकत नाहीत. पत्र आमच्या टेम्पोवाल्याबरोबर धाडते आहे. उत्तर त्याच्याच हाती द्या, शनिवार तोंडावर आला आहे.

रागावू नका, आणि गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची
भाची

दि. २० जानेवारी

चि. भाचीबाईस अ. उ. आ.

टेम्पोवाला चहा पितो आहे, तोवर लिहितो. वर्गभर वर झालेली बोटं म्हणजे मला वाऱ्यावर डोलणारं शेत वाटायचं. जन्मभर तेवढंच पाहत आलो. त्या शेताला कारखान्यात कुणी विचारत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मालकांना मी विनवणी लिहीत नाही. ती मुलांनी करायची की नाही, हे मुलंच ठरवोत. चौघांना माझा एवढाच निरोप सांग: गुरुजींनी वर्ग सोडला आहे. आता बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

शनिवारी काहीही होवो. तू त्यांच्यासाठी शब्द टाकलास, हे उपकार मी कुठे फेडू?

तुझा ऋणी
मामा

दि. २५ जानेवारी

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

काल चौघे पिशव्या भरून दाराशी उभे होते. मालक फोनवर होते. टेलरची धाकटी सरळ आत गेली, फोन संपायचीही वाट पाहिली नाही. खणखणीत आवाजात म्हणाली की चूक माझी आहे, या तिघांची नाही, मला पाठवा आणि त्यांना ठेवा. एवढ्यावर थांबली असती तर ती कसली! पुढे म्हणाली, मळके कपडे निवडायला तुमच्याकडे एकच माणूस आहे आणि तो सारखा चहाला जातो. लाल कापड आज नाही तर उद्या परत येणारच.

मालक फोन कानाला तसाच धरून बघत राहिले. मग म्हणाले, एवढं बोलता येत होतं तर माझ्या चादरी का रंगवल्यास?

मामा, चौघेही राहिले. धाकटीला निवडणीवर बसवलं आहे. दिवसभर ओरडत असते, सारखा चहाला जाणाऱ्या त्या गड्याने तर कानात कापूस घातला आहे. चादरी दोनदा धुऊन पांढऱ्या झाल्या. मालक आणखी दोघं मागताहेत. टेलरमास्तर फोनवर नुसते रडले. गुरुजींच्या पाया पडतो, एवढंच शेवटी म्हणाले. मीही पडते.

अशीच माया राहू द्या.

तुमची
भाची

दि. २ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस अ. उ. आ.

वर्ग पुन्हा भरवला आहे. नियम एकच: मी बोलत असताना मला मध्येच तोडायचं. पहिले काही दिवस कुणाची छाती होईना, सगळे आदराने गप्प. परवा एक कविता डोळे मिटून, अगदी रंगात येऊन म्हणत होतो. ऐन कडव्यात सायकल दुरुस्तीवाल्याचा थोरला मागून म्हणाला, गुरुजी, कविता झकास आहे, पण तिथे राहायची सोय काय ते आधी सांगा.

अख्ख्या नोकरीत माझं कडवं कुणी असं मोडलं नव्हतं. मी डोळे पुसले. पोरगा घाबरला, त्याला वाटलं मी दुखावलो. त्याला जवळ घेऊन पाठ थोपटली.

पुढच्या सोमवारी येतो आहे तो. राहायची सोय काय, ते त्याला तूच सांग.

तुझा
मामा