किनाऱ्यावरची चाळीस रोपं

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या रोपवाटिकेतून आणलेली चाळीस उंडीची रोपं किनारी रस्त्यावर लावून दोन महिने झाले. खारा वारा पचवणारं, दाट सावलीचं, वर देखणं झाड म्हणून बागखात्यात मीच उंडीचा हट्ट धरला. आता पानं कडांनी करपताहेत आणि साहेब विचारतात, बागप्रमुख म्हणून तुम्ही करता तरी काय?

मला यात कोणाचा तरी हात दिसतो. समोरच्या इमारतीतले निवृत्त दंतवैद्य पहिल्या दिवसापासून कुरकुरताहेत, झाडं वाढली की खिडकीतला समुद्र जाणार म्हणून. परवा सकाळी तेच बादली घेऊन रोपांपाशी! मला पाहताच मागे वळले. मी पोलिसांत अर्ज दिलाय. चार पानं पाठवतो, काय घातलं असेल ते कळव. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पोलिसांकडे धावण्याआधी बहिणीला विचारायचं होतंस. पानं समुद्राकडच्या अंगानेच जळली असतील तर तो खाऱ्या वाऱ्याचा मार, विषाचा नव्हे.

पण मला वेगळीच शंका येतेय. पाकीट उघडून पान चुरगळलं, तर वास जांभळाचा! कोवळेपणी दोन्ही चकचकीत, दोन्हींच्या शिरा जवळजवळ, नवखा फसतो. जांभळाला तोंडावर खारा वारा सोसत नाही. खरं सांग, काही रोपं मेली म्हणून दुसरीकडून आणून गुपचूप लावलीस ना? लहानपणी फुटलेली बरणी मांजराच्या नावावर खपवणारा तूच.

प्रत्येक रोपाचं एक ताजं पान देठाशी मोड. चिकट दूध आलं तर उंडी. आहेस तसाच लाडका राहा, पण खोटं नको.

ताई

१४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चाळीसातली एकतीस कोरडी निघाली. दूध आलं ती नऊ तजेलदार आहेत. पण मी एकही रोप बदललेलं नाही. सगळी तुझ्याच गाडीतून उतरली. मग अदलाबदल तुझ्याकडेच झाली. गाडी भरली कोणी? माळीकाकांनी. रोपवाटिकेत वीस वर्षं काम करताहेत म्हणून तू त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतेस. त्यांना जाब विचार, नाहीतर साहेबांसमोर मी त्यांचंच नाव घेईन.

दंतवैद्यांकडे पोलीस जाऊन आले. बादलीत साबणाचं पाणी होतं. पक्ष्यांनी घाण केलेला बाक ते रोज धुऊन बसतात म्हणे. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. रागावलीस तरी अंतर देऊ नकोस.

धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माळीकाकांना बोलावलं. ते मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, चोर सापडला. मी इतकं टाकून बोलले, की शेवटी त्यांची बायकोच पुढे झाली. म्हणाली, गाडी भरताना ह्यांनी दोनदा सांगितलं होतं, बाई, ही उंडी नव्हे; तुम्हीच ओरडलात, मला शिकवू नका.

मला आठवलं. मी ओरडले होते. रोपं मीच एकेक हातात घेऊन निवडली होती.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. वर्षभर मला शिरा दिसतच नव्हत्या रे, सवयीने बघत होते. कोणाला कळलं तर रोपं कोण नेईल, या भीतीने मी स्वतःलाही कळू दिलं नाही. साहेबांना माझं नाव सांग. माळीकाकांचं नको. एकतीस उंडी या वेळी तेच निवडताहेत. जमलं तर या म्हातारीला पदरात घे.

ताई

२७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साहेबांना तुझं नाव सांगितलं, जीभ जड झाली तरी. ते म्हणाले, नवी रोपं लावा, पण यापुढे पान मोडून पाहिल्याशिवाय सही करू नका. चूक माझीही होतीच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येतोय. माळीकाकांची माफी दोघं मिळून मागू.

दंतवैद्यांकडे गेलो होतो. त्यांनी दाराची साखळी न काढता फटीतूनच ऐकलं. म्हणाले, माफी पोचली. पण पोलीस जिना चढले ते सगळ्या इमारतीने पाहिलं, तुमची माफी कोणी पाहिली?

घरी येऊन सगळं कागदावर लिहिलं, खाली नाव आणि हुद्दा घातला आणि त्यांच्या जिन्यातल्या सूचनाफलकावर टाचला. चार जण वाचत उभे होते, तेव्हा मीही तिथेच उभा राहिलो.

तुझाच,
धाकटा