डावऱ्या हाताच्या गाठी

दिवाळे गाव, बेलापूर
ता. ७ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

थोरल्या बायला धाकट्या विमलचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळी बरी आहोत. तुझे गुडघे कसे आहेत, नावड्याला पाणी रोज येतं का, ते कळव. एकोणीस वर्षांनी माझं पत्र म्हटल्यावर तुझ्या छातीत धस्स झालं असेल, पण घाबरू नकोस, इथं कुणी गेलेलं नाही. वैदेही वाचून दाखवत असेल ना? वैदेही बाळा, मी तुझ्या आजीची धाकटी जाऊ. तू मला पाहिलेलं नाहीस. मी चौथीपर्यंतच शिकले, अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच, पण आजीनं "पुरे कर" म्हटलं तरी थांबू नकोस.

आधी आनंदाची बातमी. मी शाळेतली मावशीची नोकरी सोडली. बारा वर्षं पोरांच्या बाटल्या शोधल्या, लादी पुसली. आणि आता या वयात काय करते सांग बघू? जाळी सांधते! हसलीस ना? मलाही पहिल्या दिवशी हसू आवरेना. खाडीत मासळी राहिली नाही म्हणून बांबूची सुई माळ्यावर टाकली होती, ती शोधली तर तिच्यात कोळ्यानं घर केलेलं. मी त्याला म्हटलं, बाबा, तू पण जाळंच विणतोस, पण आता माझी सुई मला दे.

झालं असं की आमची पायल, म्हणजे माझ्या लेकाची मुलगी, कॉलेजात जाते आणि क्रिकेट खेळते. बॅट धरते तर अशी की जणू वल्हंच. खारघरला टर्फ म्हणून असतं, तिथं तासावर पैसे भरून खेळतात. खाली प्लॅस्टिकचं गवत. एवढं हिरवंगार, पण शेळी तोंड लावणार नाही. आणि चारी बाजूंनी, वर आभाळालासुद्धा, जाळंच जाळं! चेंडू रस्त्यावर जाऊ नये म्हणून. मी पहिल्यांदा आत उभी राहिले तेव्हा बाय, मला वाटलं, मासळीला असंच दिसत असेल.

ते जाळं चेंडू लागून फाटतं. मालक राजवर्धन म्हणून तरणा मुलगा आहे, तो गेटकडच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पट्ट्या बांधायचा. पायल त्याला म्हणाली, "माझी आजी हे असं सांधेल की फाटलं होतं कुठं ते तुलाच शोधावं लागेल." झालं. शाळेत महिनाभर राबून जे मिळायचं ते इथं आठ दिवसांत मिळतं, वर चहा, आणि ऊन लागलं की तो माझ्यासाठी छत्री रोवतो. तो जाळ्याच्या भोकाला "होल" म्हणतो. मी त्याला "आस" म्हणायला शिकवलं. आता येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतो, "सर, शॉट बघून मारा, आजींचे आस तुटतात."

एक मात्र माझ्या डोक्यात बसत नाही. पोट भरायच्या जाळ्याला कुणी विचारेना, आणि खेळातला चेंडू अडवायला एवढे पैसे? पायल म्हणते, "आजी, तू विचार करू नकोस, रेट वाढव." मी वाढवला. तो "चालेल" म्हणाला. मग मलाच कसंतरी झालं.

बाय, आता लिहायला बसले होते ते लिहिते.

दिवाळीपासून मी गेटकडची बाजू सांधत होते. मागची बाजू दुसरं कुणी करतं एवढं माहीत होतं. कोण, ते मी विचारलं नाही. जानेवारीत राजवर्धन म्हणाला, "आजी, आता मागचीपण तुम्हीच बघा." मला आनंदच झाला, जास्त काम म्हणजे जास्त पैसे. पिशवी घेऊन मागं गेले. खाली बसले. जाळ्याला हात लावला आणि हात तिथंच राहिला.

गाठीचं शेपूट डावीकडं. एका नाही, सगळ्या गाठींचं. आणि शेवटच्या गाठीला दोन वेढे जास्त, सासूबाई ज्याला "थोरलीचा हट्ट" म्हणायच्या. डावऱ्या बायका जगात पुष्कळ असतील. दोन जास्तीचे वेढे देणारी मी एकच पाहिली.

मी राजवर्धनला हाक मारली. "हे कुनी सांधलं रं?"

"एक आजी होत्या. तुमच्या आधीपासूनच्या."

"होत्या म्हंजे?"

"अहो टेन्शन नका घेऊ, आहेत! पण येत नाहीत. गेल्या महिन्यात आल्या, तुमची गेटजवळची जाळी हातात धरली आणि बसून राहिल्या. पाऊण तास. मला वाटलं चक्कर आली, लिंबूपाणी दिलं, ते पण नको म्हणाल्या. पुन्हा आल्याच नाहीत. मी फोन केला तर म्हणाल्या, तिथं आता दुसरा हात लागलाय, तोच चालू दे. आजी, म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, "तुला नाय कळायचं, बाबा." पण मला तरी कुठं कळलंय?

तोच चालू दे. हे तू रागानं म्हणालीस की मायेनं? पंधरा दिवस मी हे तीन शब्द तोंडात फिरवतेय. भाकरी थापताना वाटतं, थोरलीनं मोठेपणानं सोडलं, धाकटीला मिळू दे म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली की वाटतं, छे, तिला माझ्या हाताची शिसारी आली असेल. हात ओळखलास ते नक्की. तू माझा आधी ओळखलास, मी तुझा नंतर. तुझे डोळे अजून चांगले आहेत म्हणायचे. की बोटांनीच ओळखलंस?

राजवर्धनकडून तुझा नंबर घेतला. दोनदा लावला. दुसऱ्यांदा तू "कोन गो?" म्हणालीस आणि मी फोन ठेवला. ती मीच. बँकेचा फोन नव्हता.

आणि बाय, तुझी पोटाची सोय काय, हेही मला माहीत नाही. जावई देतो का काही? टर्फच्या पैशांवर औषधं घेत होतीस का? मी नव्या चपला घेतल्या त्या पैशांतून, पायलला बूट घेतले. बूट बघितले की आता मला धड हसता येत नाही. ठाऊक नसताना का होईना, तुझं काम मी घेतलं. आणि ठाऊक असताना जे घेतलं ते तर त्याहून वाईट.

वैदेही, इथून पुढं आणखी सावकाश वाच.

वाटणीच्या वेळेस पंच म्हणाले होते, होडी धाकट्याला, मोठं जाळं थोरल्याला, अखंड. ते जाळं आपण दोघींनी दोन टोकांनी विणत आणलेलं, पूर्ण पावसाळा, ओटीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कापलेलं सापडलं. तू ओटीवर येऊन यांना वाट्टेल ते बोललीस. भावानं भावाचं जाळं कापलं म्हणालीस. सगळा कोळीवाडा ऐकत होता. हे खाली मान घालून उभे राहिले, थोरल्या वहिनीला उलट बोलायचं नाही म्हणून. आणि त्याच आठवड्यात तुम्ही नावड्याला गेलात.

यांनी नाही कापलं, बाय. मी कापलं. त्या पहाटे हे खाडीवर गेले होते तेव्हा, कोयत्यानं. आणि कापायचं तर मधल्या जोडावर कापावं, तसंही नाही. जोडाच्या पुढं, तुझ्या बाजूला दोन वाव, चांगलं आठ हात आत कापलं. कारण तुझी वीण माझ्यापेक्षा चांगली होती. सगळे म्हणायचे, थोरलीचं जाळं पाणी धरील. मला ते हवं होतं. वापरायला नव्हे गो. अर्ध्या जाळ्यात काय येतं? एक कोलंबी आली नाही. नुसतं हवं होतं.

यांना संध्याकाळी कळलं, आमच्या तुकड्याला तुझ्या डावऱ्या गाठी बघून. मला म्हणाले, "आता बोललीस तर ती तुझ्याशी जन्मभर बोलणार नाय. माझ्याशी नाय बोलली तर चालंल." आणि ती शिक्षा ते घेऊन गेले. हे गेले तेव्हा मी दारात बघत होते, तू येतेस का. तू आली नाहीस. कशी येशील? तुझी चूक नाही. ज्याच्यावर राग धरलास तो माणूसच चुकीचा होता, आणि तसा मीच धरू दिला.

आता राजवर्धन खांदेश्वरला दुसरं टर्फ काढतोय. मला विचारतो, दोन्हीकडं बघाल का, नाहीतर मुंबईचा ठेकेदार येईल. तो मशीनची जाळी लावणार, फाटली की फेकून नवीन. मी "विचारून सांगते" म्हटलं. "कुणाला?" म्हणाला. मी सुईत दोरा भरायला लागले. मागच्या बाजूला मी अजून सुई लावलेली नाही. तिथं मोठं भगदाड पडलंय, चेंडू नाल्यात जातात, पोरं ओरडतात, राजवर्धन डोकं धरतो. पण तुला विचारल्याशिवाय मी तिथं हात लावणार नाही.

मंगळवारी, १८ तारखेला, दुपारी बारा ते चार टर्फ रिकामं असतं. मी तिथं असेन. तू ये. मागची बाजू घे, गेटकडची पण घे, मला शिव्या दे, नाहीतर बोलूच नकोस. खारघरचं काम तुझंच आहे. खांदेश्वरला मी जावं की नाही तेही तूच सांग. तू नाही आलीस तर बुधवारी मी राजवर्धनला नाही म्हणून सांगणार आणि शाळेत जाऊन मुख्याध्यापकबाईंचे पाय धरणार. पगार कमी, पण तो कुणाच्या हातातून काढलेला नाही.

काम घे न घे, ये न ये, पण एवढं एक कर. जो राग यांच्यावर आहे तो यांच्यावरून उतरव. ते सात वर्षं झाली गेले, त्यांना तो आता वाहायला नको. तो माझा आहे, मला दे.

हे पत्र पायलला दाखवलेलं नाही. पोस्टात टाकायला मीच जाईन.

जाळं कापणारी,
तुझी धाकटी जाऊ
विमल