पिक्सेल कट्टा रेकॉर्ड्स, पहिला अल्बम

४ जानेवारी, सकाळ
ठरलं. रेकॉर्ड कंपनी काढायची.
पिक्सेल कट्टा ही आमची वेबसाइट सोळा वर्षं चालू आहे. जुन्या व्हिडिओ गेममधल्या ट्यून्स घ्यायच्या, आपापल्या पद्धतीने रीमिक्स करायच्या, कट्ट्यावर टाकायच्या, एकमेकांना वा वा म्हणायचं. सगळं फुकट. २१२ सभासद, मी ॲडमिन. एवढं टॅलेंट नुसतं पडून आहे. कोणीतरी मनावर घ्यायला हवं होतं. घेतलं.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बरं. म्हणजे घरचा पाठिंबा आहे.

९ जानेवारी
कट्ट्यावर मतदान घेतलं. कंपनी काढावी का? एकूण नऊ मतं. हो पाच, नाही तीन, आणि एकाने विचारलं की मतदान कशाबद्दल आहे. स्पष्ट बहुमत. पाचातली दोन मतं माझीच आहेत, घरून एक आणि दुकानातून एक. तांत्रिक बाब.

१७ जानेवारी
मेव्हणा वकील आहे, त्याला फोन केला. त्याने विचारलं, ट्यून्स कोणाच्या? म्हटलं, गेम कंपन्यांच्या. रीमिक्स कोणाचे? म्हटलं, सभासदांचे. मग तुझं काय, म्हणाला. मी म्हटलं, व्हिजन.  त्यावर तो म्हणाला, दोन्हीकडून लेखी परवानगी आण, नाहीतर या भानगडीत पडू नकोस.
हिरवा कंदील मिळाला.

२ फेब्रुवारी
मुलीची खोली ऑफिससाठी घेतली. तिची दहावी आहे, पण जेवणाच्या टेबलावर उजेड जास्त चांगला आहे.  ती पुस्तकं उचलून घेऊन गेली. समजूतदार आहे.
उद्यापासून रोज दोन तास कंपनीचं काम. शिस्त हवी.

११ फेब्रुवारी
शिस्त सोमवारपासून.

२० फेब्रुवारी
पहिला अल्बम 'घुबड' या टोपणनावाच्या सभासदाचा. खरं नाव कोणालाच माहीत नाही. एका मोठ्या लाँड्रीत शिफ्टवर असतो, एवढंच त्याने कधीतरी लिहिलं होतं. एकेचाळीस रीमिक्स, सगळे सोन्यासारखे. त्याला मेसेज टाकला. उत्तर नाही. कलाकार माणूस, विचार करत असणार.
सभासदांसाठी अकरा पानी करारही तयार केला. इंटरनेटवर एक नमुना मिळाला, त्यात नावं बदलली. सगळ्यांना पाठवल्यावर दिसलं की पान सहावर 'कोंबड्या' हा शब्द तसाच राहिलाय. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती समजली जाईल, हे वाक्य मात्र मी स्वतः घातलं. मेव्हण्याला दाखवलं नाही, तो उगाच घाबरवतो.

२८ फेब्रुवारी
सात दिवस झाले. कोणाचंच उत्तर नाही. सगळ्यांची संमती.

६ मार्च, दुपार
परवानगीसाठी लिहिलं होतं, त्या गेम कंपनीचं पत्र आलं. आमचा गेम तुम्हाला इतकी वर्षं आवडतो याचा आनंद आहे, पण संगीत विकायची परवानगी देता येणार नाही. नकार आहे, पण सूर किती आपुलकीचा!

१२ मार्च
दुकानात जरा गैरसमज झाला. मी नोकरी करतो ते दुकान श्रवणयंत्रांचं. ऐकण्याच्या तपासणीसाठी काचेची बंद खोली आहे, तिथे एका आजोबांना हेडफोन लावून बसवलं आणि अल्बमच्या कव्हरबद्दल एक फोन करायला बाहेर आलो. फोन चाळीस मिनिटं चालला. आजोबा बटण हातात धरून शांतपणे बीपची वाट बघत बसले होते. त्यांची काहीच तक्रार नव्हती. त्यांच्या मुलाची होती.
मालक म्हणाले, तुमचं इथे लक्ष नाही, उद्यापासून येऊ नका.
मोकळं केलं त्यांनी. आता पूर्ण वेळ कंपनी. घरी अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

१९ मार्च
सभासद आपापले रीमिक्स काढून घेताहेत. आज तेवीस जण गेले. एकीने लिहिलं, आम्ही इथे गंमत म्हणून येत होतो, आता दार उघडलं की समोर तुम्ही करार घेऊन उभे. कच्ची माणसं गळणारच.

२ एप्रिल
बायकोला कळलं. ती चष्म्याची काच बदलायला बाजारात गेली होती, जाता जाता आमच्या दुकानात डोकावली. घरी येऊन विचारलं, रोज सकाळी डबा घेऊन जातोस कुठे? म्हटलं, बागेत, प्लॅनिंग करायला. ती म्हणाली, मग उद्यापासून डबा तूच कर.
ओरडली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं. की नाही वाटलं, आठवत नाही.

९ एप्रिल, सकाळी दहा
घुबडचं उत्तर आलं.
तो लिहितो, तुमचा राग नाही. मशीनच्या आवाजात दिवसभर डोकं भणभणायचं, म्हणून घरी येऊन हे करत बसायचो. आता कीबोर्डला हात लावला की तुमची सात दिवसांची मुदत आठवते. पासवर्ड विसरलोय. माझं सगळं तेवढं काढून टाका.
मी लिहिलं, पुन्हा विचार करा. त्याने लिहिलं, केला.

९ एप्रिल, दुपार
एकेक करून काढावं लागतं. प्रत्येक वेळी वेबसाइट विचारते, खात्री आहे का? हो. खात्री आहे का? हो.
सतरावा 'बर्फाचा किल्ला' होता. बाबा गेले तेव्हा तीन आठवडे मी दुसरं काही ऐकलं नव्हतं. हे त्याला कधी लिहिलं नाही. आता लिहिलं तर त्याला वाटेल, करारासाठीच लिहितोय.
खात्री आहे का? हो.

सव्वातीन
एकेचाळीस झाले. पान रिकामं झाल्यावर तिथे आपोआप एक ओळ आली.
'या सभासदाने अजून काहीही पाठवलेले नाही.'
बाहेर मुलगी टेबलावर इतिहास पाठ करतेय. तिला सांगितलं, खोली रिकामी आहे. ती म्हणाली, राहू दे बाबा, उद्या शेवटचा पेपर आहे.