उपड्या मडक्यातली टर्की

चिंचणी
८ डिसेंबर २०२५

ती. निर्मला आत्यास,
श्रुतिकाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण फोनवर मला रडू येतं, तुला उजव्या कानानं ऐकू येत नाही आणि उधव्याचं नेटवर्क नेमकं मध्येच जातं. म्हणून हे धाकल्याच्या भाजीच्या टेम्पोतून पाठवते आहे. तो वाचणार नाही म्हणाला, पण मी चिकटवलंय.

बातमी अशी की बाबा येतो म्हणालेत. नाताळच्या जेवणाला, आमच्या घरी. तुला सगळं माहीत आहे तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझाच विश्वास बसत नाही. डहाणू रोडला मी गेले की ते बोलतात, चहा करून देतात, नेल्सनची कंपनी कशी चाललीय तेही विचारतात. पण वसईच्या चर्चमध्ये आमचं लग्न लागलं, त्याला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून माझ्या घरचा पाण्याचा घोट त्यांनी घेतलेला नाही. गणपतीत आले होते ते दारापर्यंत. रिक्षातच बसून राहिले, मोदकांचा डबा माझ्या हातात दिला आणि रिक्षा वळवली. आई असती तर तिनं हाताला धरून उतरवलं असतं.

या वेळी मी तुझं नाव वापरलं. म्हटलं, आत्याची टर्की भाजणार आहे. तुझ्या अंगणातल्या त्या फुगून चालणाऱ्या पक्ष्यांची चव बघायचीय असं ते किती वर्षं म्हणतायत, आणि तू एकही कापू दिला नाहीस. ते उठले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, पंचवीसला येईन.

म्हणजे आता तुला एक टर्की द्यावीच लागेल. मी खोटी पडले तर ते पुन्हा यायचे नाहीत.

दुसरं संकट म्हणजे ती भाजायची कशी. काल ओव्हनमध्ये कोंबडीवर प्रयोग केला. वरून काळी, आतून सुकी. नेल्सननं मुकाट्यानं तीन ग्लास पाणी पिऊन खाल्ली आणि छान झालीय म्हणाला, त्यावरून काय ते समज. टर्की तर त्या ओव्हनच्या दारातून आतच जायची नाही. मोबाईलवर बघितलं की सोनेरी, रसरशीत, सुरी लावली की पाणी सुटणारी दिसते. मला झोप लागत नाही. लवकर लिही.

तुझ्या मायेवर नेहमीप्रमाणे हक्क सांगणारी,
श्रुती


उधवा
११ डिसेंबर २०२५

चि. श्रुतिका हिस,
अ. उ. आ.

आज गुरुवार, पोथी वाचून झाली आणि लिहायला बसले. तुझं पत्र धाकल्यानं वाचलं नाही, पण टर्की मिळणार का म्हणून त्यानंच मला विचारलं. तू चिकटवण्याआधी सगळ्या बाजाराला सांगितलेलं दिसतं.

टर्की देते. नर मागू नकोस, तो चिवट असतो आणि मला त्याच्याशिवाय अंगण सुनं वाटतं. तलंग पाठवते, अजून अंड्यावर न आलेली, कोवळी. मांस लुसलुशीत लागेल, आणि न लागलं तर दोष तुझा.

ओव्हन विसर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. थंडीत आपल्याकडे आणि पलीकडे गुजरातेत हमरस्त्यावर काय विकतात गं? उंबाडियं. मडक्यात पापडी, कंद, रताळी, वर पाला कोंबायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब न घालता शेंग आपल्याच वाफेत शिजते. टर्कीला वेगळा न्याय कशाला? रुंद तोंडाचं मोठं मडकं देते. आदल्या संध्याकाळी तिला मिठाच्या पाण्यात बुडवून ठेव, मीठ समुद्रासारखं लागलं पाहिजे. सकाळी पुसून कोरडी कर, आलं-लसूण, ओवा आणि हिरवी मिरची कातडीखाली बोटं घालून चोळ. छाती खालच्या अंगाला येऊ दे, म्हणजे रस तिकडे उतरेल.

सोनेरी रंग मडक्यात येणार नाही, तो शेवटी आणायचा. बाहेर काढून परातीत ठेव, तूप लाव आणि लोखंडी तव्यावर निखारे घेऊन तो तवा वर धर. तुझा बाप दशरथ लहान असताना आमची आई रताळ्यांना असाच रंग आणायची, त्याला आठवत असेल.

आता मुख्य गोष्ट. सारखं उचलून बघू नकोस. तू लहानपणी चिकूच्या पेटीत हात घालून घालून अर्धे चिकू पिकण्याआधीच सडवलेस, ती सवय अजून गेलेली नाही. मडकं उचललं की वाफ गेली, वाफ गेली की रस गेला. आणि काढल्यावर लगेच सुरी लावू नकोस. झाकून ठेव. रसाला परत आत शिरायला वेळ लागतो, माणसालाही लागतो.

सोबत एक लहान मडकं आणि पापडी-कंदही पाठवते. ते कशाला, हे विचारू नकोस. तेही त्याच जाळावर लाव, पण वेगळं ठेव, टर्कीचा हात त्याला लागू देऊ नकोस.

तुझी काळजी करण्यातच जिचं थोडंफार भलं चाललंय अशी,
आत्या


चिंचणी
२१ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घरात पाऊल ठरत नाही. पडदे धुतले, ते वाळायच्या आत पुन्हा धुतले. दाराशी तारा लावला आणि बाबांना तो खटकेल म्हणून काढला. नेल्सननं परत लावला. मग मी तो थोडा बाजूला सरकवला. आता तो दारावरही नाही आणि खिडकीवरही नाही.

मडक्यात कोंबडी करून पाहिली. चार वेळा उचललं. शिजली, पण अर्धी. तुझं म्हणणं पटतं, हात ऐकत नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झालीय.

भीती टर्कीची नाही, आत्या. बाबा येतील, बसतील, आणि जेवायच्या वेळी पोट बरं नाही म्हणतील, ही आहे. एकदा माझ्या ताटात जेवले की मला पुन्हा काही मागायचं नाही. टर्कीवर एवढा जीव टाकलाय तो त्यासाठी. समोर आल्यावर नाही म्हणवू नये इतकी ती चांगली व्हायला हवी.

नेल्सन मला शांत करून करून थकला. काल शुक्रवार समजून मी त्याला डाळभात वाढला. शुक्रवारी तो मांसमासळीला शिवत नाही, त्याच्या आईनं लहानपणी लावलेली शिस्त. तो म्हणाला, आज शनिवार आहे. या घरी आल्यापासून मला एक शुक्रवार तेवढा सांभाळायची सवय झाली, बाकीचे वार कुठले कुठे गेले. आता तोही चुकायला लागला.

धाकल्याला सांग, मंगळवारी येताना टर्की नीट आण.

तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
श्रुती


उधवा
२३ डिसेंबर २०२५

चि. श्रुतिका हिस,
अ. उ. आ.

टर्की साफ करून, बर्फात घालून पाठवली आहे. दोन्ही मडकी गवतात आहेत, पाला ओल्या फडक्यात. कंद जांभळा आहे, सोलताना हात खाजले तर कोकम चोळ.

जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की दशरथ येताना काहीही घेऊन आला तरी तोंड पाडू नकोस. हसून घरात घे आणि जाळाजवळ बसव. माझा भाऊ आहे, मला तो तुझ्याआधीपासून ठाऊक आहे.

मडक्यापासून हात लांब ठेव, माया जवळ आहेच.
आत्या


चिंचणी
२६ डिसेंबर २०२५, शुक्रवार

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं आणि तू सांगितलं नाहीस. मी रागावले आहे, पण आता रागावायलाही वेळ नाही, म्हणून आधी सगळं सांगते.

बाबा सकाळीच आले. इस्त्रीचा शर्ट, एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात डबा. दारात उभे राहून म्हणाले, आज गुरुवार आहे, माझं मी घेऊन आलोय, तुम्ही तुमचं जेवा. आत्या, आईच्या आजारपणात त्यांनी मांसमासळी न खायचा गुरुवार धरला तेव्हा त्यांना दुधाची खीर मीच करून द्यायचे. आणि मीच विसरले. कॅलेंडर बघून पंचवीसला येईन म्हणाले ते का, हे मला तेव्हा उमजलं. यायचंही झालं आणि न जेवायचंही झालं. मला हसून घे म्हणाली होतीस. हसले की नाही आठवत नाही. डबा घेतला आणि ओट्यावर ठेवला.

मागच्या अंगणात मी जाळ केला होता. बाबा खुर्चीत बसले, अंग चोरून, पाहुण्यासारखे. मी मडक्याकडे गेले आणि उचलायला वाकले, तर त्यांनी मागून हटकलं. म्हणाले, वाफ घालवतेस. मग म्हणाले, जाळ एकाच अंगाला आहे. मग म्हणाले, असा जाळ उंबाडियाला कोणी करत नाही. मग शर्टाच्या बाह्या दुमडून स्वतःच उठले. टर्कीला हात लावत नाही, फक्त जाळ बघतो, असं दोनदा सांगितलं. वारा समुद्राकडून होता, गोवऱ्या धुमसत होत्या, त्यांचे डोळे लाल झाले, पण काठी काही सोडली नाही. मला एकदाही मडकं उचलू दिलं नाही. नेल्सननं पालापाचोळा आणून द्यायचा आणि यांनी थोडा इकडे, थोडा तिकडे म्हणायचं. मी नुसती उभी होते. आयुष्यात पहिल्यांदा मला मध्ये हात न घालता उभं राहता आलं.

खोकला आला तसं त्यांनी बाटली उचलली. ती केव्हाच संपली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, जाळाकडेच बघत पाणी मागितलं. मी घरात गेले, तांब्या भरला आणि दोन मिनिटं तिथेच भिंतीला टेकून राहिले. मग नेऊन दिलं. सगळं प्यायले.

टर्की निघाली ती पांढरीफटक होती. निखाऱ्यांचा तवा बाबांनी धरला, तोंड फिरवून, आणि रंग आला का म्हणून नेल्सनला विचारत राहिले. आला. पिकल्या केळ्याच्या सालीसारखा आला. मांडीला नुसतं बोट लावलं तर रस ओघळला. आणि ती कापायला नेल्सननं सुरी घेतली नाही. म्हणाला, ज्यांनी भाजली त्यांना सोडून मी जेवणार नाही, उद्या त्यांच्याबरोबर जेवू. टर्की झाकून ठेवली. दोघं लहान मडक्यातली पापडी आणि कंद जेवले. बाबांनी डबा उघडलाच नाही. तुझं लहान मडकं कशाला होतं ते मी आता विचारत नाही.

संध्याकाळी जायला निघतील म्हणून माझं लक्ष रस्त्याकडे. ते म्हणाले, उद्याचं जेवून जाईन, परत यायचं म्हणजे पुन्हा रिक्षा. नेल्सनची लुंगी नेसून झोपले.

आता आजचं. दुपारी मडक्यात उरलेला रस घालून टर्की गरम केली, बाबांच्या ताटात मांडी वाढली. त्यांनी घास उचलला आणि शेजारी बघितलं. नेल्सनच्या ताटात डाळभात. आम्ही कोणीच नीट विचार केला नव्हता, कालच्या गडबडीत त्यालाही सुचलं नव्हतं की उद्या म्हणजे शुक्रवार. बाबांनी विचारलं, त्यानं सांगितलं, आणि तुम्ही जेवा म्हणून खूप आग्रह केला. बाबांनी घास परत ठेवला. ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, त्यानं माझा वार पाळला, मी त्याचा पाळतो. झाकून ठेव.

आत्या, मी तोंड धुवायला म्हणून बाहेर गेले. आता दोघं ओटीवर बसून कंपनीतल्या बॉयलरवर बोलतायत आणि मला उद्याची धास्ती. तीन दिवसांत ती टर्की सुकली तर?

तुझी लबाडी माफ करणारी आणि तुझ्यावाचून न चालणारी,
श्रुती


चिंचणी
२८ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
दशरथचा सा. न.

धाकल्याचा टेम्पो दारात उभा आहे आणि श्रुती म्हणते तुम्हीही दोन ओळी लिहा, म्हणून लिहितो.

मी खुशाल आहे. शनिवारी दुपारी तिघे एका वेळी जेवायला बसलो. टर्की चांगली होती. तिसऱ्या दिवशीही ओली होती. श्रुतीनं दर घासाला कशी झालीय विचारून सुखानं जेवू दिलं नाही, पण तो तिचा स्वभावच आहे. जावयाला मी छातीचा तुकडा वाढला. मांडी मी घेतली. ती तुझी पाळलेली होती, तेव्हा तुझे आभार मानायला हवेत, पण वीस वर्षं एकही कापू दिली नाहीस ही तक्रार कायम आहे.

तू लहान मडकं का पाठवलंस ते मला कळलं. माझी लबाडी तुला उधव्यात बसून कळली, तर तुझी मला इथे का कळू नये?

डहाणूला उद्या जाईन म्हणत होतो. पण नेल्सनला मंगळवारी सुट्टी आहे आणि मागच्या पत्र्याची गळती काढायची आहे, तेव्हा बुधवारी बघू. तुळशीला पाणी घालायला शेजारच्या जमनाबाईंना सांगितलं आहे.

डबा श्रुतीनं घासून फडताळात ठेवला आहे. नेऊ का म्हणून विचारलं, तर राहू द्या म्हणाली. राहू दिला. यापुढे इथे येताना त्याची गरज पडणार नाही.

तुझी माया लहानपणापासून फुकट मिळत आली, यापुढेही तशीच मिळावी.
दशरथ