शेडमागची बाळंतीण

२ एप्रिल

प्रिय डोर्थेताई,

कशी आहेस? तुमच्या नूक शहरातले रस्ते बर्फातून मोकळे झाले असं रेडिओवर ऐकलं. आमची खाडी अजून घट्ट गोठलेली आहे. कुत्री मजेत, एनोस मजेत, सासूबाई गुडघे सोडून मजेत. मीही बरी आहे. जरा जाड झालेय, एवढंच.

तू फोन करतेस आणि मी 'घाईत आहे' म्हणून ठेवून देते, त्याचा राग मानू नकोस. सासूबाईंना जेवायला हाका मारून घसा बसतो, पण मी फोनवर आवाज खाली केला की भिंतीपलीकडून लगेच विचारतात, "काय म्हणालीस?" म्हणून हे पत्र.

आधी अस्वलिणीची हकीकत सांगते. तिने आमचा हिवाळा पुरता ताब्यात घेतला होता.

एनोसच्या होडीच्या शेडमागे उतारावर बर्फाचा ढीग साचतो, तो तुला आठवत असेल. बर्फ पडायला लागल्यावर एका अस्वलिणीने तिथेच बीळ केलं. एनोसला बर्फातल्या भोकातून वाफ येताना दिसली, तेव्हा कळलं. सभा भरली. शेजारचा इसाक म्हणाला, "आवाजाचे बार काढून हाकलून देऊ." शिकार खात्याचा माणूस म्हणाला, "पोटुशी आहे. बिळाला कोणीही हात लावायचा नाही." झालं. शेडजवळची कुत्री गावाच्या दुसऱ्या टोकाला हलवली. सासूबाई तर चेंडू खेळणाऱ्या पोरांना दटावायच्या, "बाळंतिणीच्या खोलीशेजारी ओरडतात का मेल्यांनो?"

आमची वर्षभराची सीलची चरबी आणि सुकवलेले मासे त्या शेडमध्येच. एनोस बंदूक घेऊन दबक्या पावलांनी जायचा आणि चोरासारखा आपलाच माल घेऊन यायचा.

जेवताना दुसरा विषय नसायचा. एनोस सांगायचा, "ती नराला भेटते वसंतात, पण गर्भ लगेच रुजत नाही. उन्हाळाभर नुसता थांबतो. शरद ऋतूत अंगावर पुरेशी चरबी असेल तरच धरतो. मग बिळात पिल्लं होतात, मुठीएवढी, आंधळी. ही काही न खाता वसंतापर्यंत त्यांना पाजते."

"आणि नर?" सासूबाईंनी विचारलं.

"नर केव्हाच निघून गेलेला असतो."

"तुझ्या बापासारखा," म्हणून त्यांनी माझ्या ताटात सीलच्या मटणाचा आणखी एक तुकडा वाढला. वास येऊ नये म्हणून श्वास रोखून मी तो खाल्ला.

"आणि अंगावर चरबी नसली तर?" मी विचारलं.

"तर तिचं शरीर गर्भ सोडून देतं," एनोस सहज म्हणाला. मी भांडी घासायला उठले. सगळ्यांची जेवणं व्हायची होती.

मग मागच्या आठवड्यात तो दिवस आला. एनोस सकाळी शेडमध्ये गेला. हात मोकळे हवेत म्हणून बंदूक बाहेर स्लेजवरच ठेवली. तो आत मासे मोजत असताना बिळावरचा बर्फ फुटला आणि अस्वलीणबाई बाहेर आल्या. काय तिची दशा, ताई. कातडं नुसतं लोंबत होतं. आधी बर्फात लोळली, मग पाठोपाठ दोन पिल्लं आली. एक धीट, दुसरं आईच्या पायात अडखळणारं. तिने इकडेतिकडे वास घेतला आणि आमच्या शेडच्या दाराला पाठ टेकून बसली. पिल्लांना पोटाशी घेऊन पाजायला लागली. एनोस आत.

सगळं गाव खिडक्यांना चिकटलं. एनोसकडे वॉकीटॉकी होता, आणि इथे तो घरोघरी असतो, त्यामुळे त्याचं बोलणं घराघरात ऐकू येत होतं. इसाक आपल्या घराच्या छपरावर बंदूक घेऊन चढला.

"एनोस, मारू का?"

"थांब. ती पाजतेय."

"ती काय दिवसभर पाजेल."

पाजून झाल्यावर तिथेच झोपली. दुपार झाली. एनोस कुडकुडायला लागला. म्हणाला, "मागच्या खिडकीतून उडी मारतो. स्लेजपर्यंत पोचेन."

मी वॉकीटॉकी उचलला. "उडी मारायची नाही."

"का? ती झोपलीय."

"नाही म्हटलं ना."

"बोलेटे, माझे पाय बधिर झालेत. कारण तरी सांग."

तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, "कारण बापाशिवाय पोर वाढवायला मी काही अस्वलीण नाही."

सगळं गाव ऐकत होतं. माझ्या मागे सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बोलली एकदाची. मला तर नाताळात कळलं होतं."

मग इसाकचा आवाज आला. "अभिनंदन, एनोस. आता मारू का?"

"कोणी हात लावायचा नाही तिला," एनोस म्हणाला. त्याचा आवाज थंडीने फाटला होता की कशाने, कोण जाणे. "मी बसतो इथेच."

बसला. अंधार पडायच्या आत ती आपणहून उठून बिळात गेली, तेव्हा बाहेर आला. बर्फाच्या बुटांसकट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "आधी पाय शेकून घे."

काल ती पिल्लांना घेऊन बर्फावरून समुद्राकडे गेली. अडखळणारं पिल्लू मधेच बसायचं. ती इतकी भुकेली, तरी दर वेळी मागे वळून थांबायची.

तर ताई, गावातल्या कुत्र्यांनाही कळल्यावर तुला कळतंय. मला सगळ्यात जास्त भीती तुला सांगायचीच वाटत होती. मागच्या वेळी आपण दवाखान्यातून दोघीच तुझ्या घरी आलो. मला दिसू नये म्हणून तू पाळणा पलंगाखाली सरकवलास आणि चहा टाकायला गेलीस. मी पाहिलं होतं. तू स्वयंपाकघरात रडलीस, तेही ऐकलं होतं. पुन्हा तुला आशा लावायची हिंमत होत नव्हती.

इथली परिचारिका म्हणते, सगळं ठीक आहे. परवापासून हालतंयसुद्धा. जुलैत मला तुझ्याकडे पाठवणार आहेत. एनोस येईन म्हणतो. त्याला जमिनीवर झोपव.

काही विणू नकोस. कोणाला सांगू नकोस. पाळण्याला हात लावू नकोस.

नाहीतर असं कर, पुसून ठेव.

घाबरलेली आणि सदा भुकेली,
तुझी धाकटी
बोलेटे