बारा बुटक्या खुर्च्या

तीर्थस्वरूप ताईस, हातांवरचा भुसा झटकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? माझी तब्येत ठणठणीत आहे. डोळ्यांचं मात्र शेवटी लिहितो.

लग्न पार पडलं. सुताराची पोर राजाच्या धाकट्या मुलाला दिली तेव्हा गल्लीला वाटलं, याला आता स्वर्ग दोन बोटं उरला. प्रत्यक्षात चार उरली होती. राजवाड्याचा रिवाज असा, की साध्या घरातल्या सुनेची जेवणाच्या टेबलाची खुर्ची इतरांपेक्षा चार बोटं बुटकी हवी. (हे सांगायला आलेला कारभारी इतका गोड बोलला, की कापायची खुर्ची आपल्याच लेकीची, हे मला त्याचा चहा संपल्यावर कळलं.) परका सुतार ती डगमगती ठेवील, म्हणून करवत घेऊन मीच गेलो. खोटं कशाला सांगू, जिन्यात बसून रडलो. जिने सहाव्या वर्षापासून माझ्या टेपचं दुसरं टोक धरलं, तिला जन्मभर मान वर करून बोलायला लावायचं, तेही माझ्याच हाताने.

कोठीत बाराही खुर्च्या एकसारख्या. तिची कापली. तोंड धुऊन आलो तर कुठली कापली तेच समजेना, म्हणून शेजारची कापली. ती जावयाची निघाली. मग उरलेल्या दहा उगाच उंच दिसायला लागल्या, आणि उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं? संध्याकाळपर्यंत सगळ्या एका उंचीच्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्यादेखत अख्खं राजघराणं हनुवटी टेबलाला टेकवून जेवलं. विहीणबाईंचा हार सुपात बुडाला. कारभारी पांढराफटक पडला. राजेसाहेब मात्र शांत. (ते उंचीने बेताचे. खाली पडलेला चमचा उचलताना मी पाहिलं, त्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकले होते, आणि ते टाचा पुन्हापुन्हा टेकवून खात्री करून घेत होते.) त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

निघताना लेकीने हळूच विचारलं, "बाबा, माप चुकलं?" मी म्हटलं, "वय झालं गं." तिने बराच वेळ माझा हात सोडला नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. कारभारी चौकशीला तुझ्याकडे येणार आहे. माझी नजर लहानपणापासून अधू आहे, एवढं सांग.

ता.क. मागच्या पत्राच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत तू "चष्मा कर" लिहिलं होतंस, ते मी बिनचष्म्याने वाचलं. हे पत्र फाडून टाक.

ता.क. आत्ताच राजेसाहेबांचा निरोप आला. खुर्च्या आहेत तशाच राहतील, टेबलाचे पाय चार बोटं कमी करायला मला बोलावलंय. तेव्हा अधू सांग, पण फार अधू नको.