माझ्या कार्डावरची क्वार्टर

रविवार, २७ एप्रिल

दारू घ्यायला आधार कार्ड! ऐकलं तेव्हा हसूच आलं.

बुधवारी अखिती, अक्षय्य तृतीया. ह्यांच्या नावानं घागर भरायची, पान वाढायचं, पानाशी थोडी दारू ठेवायची — त्यांची आवडती. गेली दोन वर्षं पैसे दिले, क्वार्टर घेतली, संपलं. आज काउंटरवरचा गजेंद्र म्हणतो, "काकू, कार्ड लागते. पंचवीसच्या खालच्याले द्याची नाई, म्हणून मशीन लावली." माझे पांढरे केस दिसत नाहीत का याला!

तशीच परत आले. विधवा बाईच्या नावावर दारू — ते नाव कुठं जाईल, कोण वाचेल? अर्धी गल्ली माझ्याकडून हार नेते. आणि चंदनला, माझ्या तेवीस वर्षांच्या पोराला, कळलं तर? बाप दारूनं गेला तेव्हा म्हणाला होता, "या घरात बाटली दिसली तर मी दिसनार नाई." आजवर तो क्लासच्या ऑफिसात गेल्यावरच पान वाढलं. यंदा त्या दिवशी त्याला सुट्टी आहे.

सोमवार, २८ एप्रिल

पानाशी काहीच नको ठेवू? शेवटी फार छळलं त्यांनी. तरी जीव होत नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

दिलं कार्ड! गजेंद्रनं माझ्या तोंडाकडे न बघता मशीनखाली धरलं. मोबाईल नंबर विचारला, तोही कार्डाला जोडून टाकला. बाहेर पडते तोच मेसेज — माझं नाव, एक क्वार्टर, तारीख, वेळ, वर 'आभारी आहोत'! चहाडखोर मशीन मेलं.

पण गजेंद्र भला माणूस. बाटली पेपरात गुंडाळून माझ्या पिशवीत झेंडूच्या खाली ठेवली. हळूच म्हणाला, "काका मले माईत होते. अखितीसाठीच नं? कोनाले नाई सांगत मी." डोळे भरून आले. देव त्याचं भलं करो.

बुधवार, ३० एप्रिल

चंदननं बाटली पाहिली. पण ओरडला नाही. शेजारी येऊन बसला. "कोठून आनली?" दुकान, गजेंद्र, कार्ड — खरं ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "आन तुहं तोंड नाई पायलं त्यानं? कार्डच पायलं?" नंतर म्हणाला, "राहू दे आई, बाबाचंच पान हाय." उरलेली बाटली स्वतः उचलली, मागं नेऊन ओतून आला.

किती मोठा झाला माझा पोरगा. बापाला माफ केलं त्यानं! आज पोटभर जेवले.

मंगळवार, ६ मे

अकोल्याला निघाले. पार्बताबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन — माझी मोठी बहीण, तिला माझ्याशिवाय कोण? चंदननं एसटीत जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली. "कार्ड घरीच ठेव, ग्यासवाल्याले दाखवाचं हाय." सगळं लक्षात ठेवतो.

शुक्रवार, ९ मे

पट्टी निघाली. पार्बताबाईनं मला पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळली वं तू!" दोघी हसलो. चार्जर घरी अमरावतीलाच राहिला, मोबाईल परवापासून बंद. बरं वाटतं. चंदन जेवत असेल ना वेळेवर? शेजारणीच्या मोबाईलवरून फोन लावला — "आई, माही फिकर करू नको."

शनिवार, १० मे

दुपारी घरी आले. मोबाईल चार्जिंगला लावला. मेसेज आला — माझं नाव. एक क्वार्टर. बुधवार, सात मे, संध्याकाळी सहा दहा. आभारी आहोत.

बुधवारी मी अकोल्याला होते. कार्ड चंदनकडे होतं.

दोनदा वाचलं. मग रडले. मग त्या मशीनला मनातल्या मनात हात जोडले. ह्यांचं पिणं मला सहा वर्षांनी कळलं होतं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला. चंदनचं तीन दिवसांत कळलं.